तक्रार न घेता घरी जायचं: शाळा आणि पालकांना जोडण्याचं एक वर्ष

नवीन सत्र सुरू होताना मुख्याध्यापिकाबाईंनी एक काम माझ्याकडे सोपवलं. शाळा, पालक आणि शाळेभोवतीचा परिसर यांचा मिळून एक गट उभा करायचा आणि तो वर्षभर चालवायचा. मी सातवीची वर्गशिक्षिका. पालकसभा घेणं, निकालाच्या दिवशी पालकांशी बोलणं या कामांची सवय होती. पण गट चालवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, पहिल्या बैठकीत काय बोलायचं, कुणाला बोलवायचं, हे प्रत्यक्ष केलेल्या माणसाकडून ऐकायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं. तसं कुणी मिळालं नाही, म्हणून आता मीच लिहिते आहे.

आधीची परिस्थिती अशी होती की पालक शाळेत यायचे ते प्रवेशाला, निकालाला किंवा तक्रारीला. सभेला पुढच्या बाकांवर दरवर्षी तीच कुटुंबं दिसायची. शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य कायम ऐकू यायचं, ‘ज्यांनी यायला हवं ते येतच नाहीत.’ तिकडे पालकांचंही एक वाक्य होतं, ते मला पुढे घरोघरी ऐकायला मिळालं: ‘शाळेचा फोन आला की छातीत धस्स होतं.’ दोन्ही खरी होती आणि दोन्हींचं मूळ एकच होतं. शाळा आणि घर एकमेकांशी बोलत होते ते फक्त काही बिघडलं की.

तयारी म्हणून मी जॉइस एपस्टाइन यांचं लेखन वाचलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी या विषयावर अनेक दशकं काम केलं आहे. घर, शाळा आणि समाज ही एकमेकांवर आलेली तीन वर्तुळं आहेत, मूल त्यांच्या मध्यभागी असतं, आणि ही वर्तुळं आपल्या वागण्याने जवळ येतात किंवा दूर जातात, अशी त्यांची मांडणी आहे. पालकांच्या सहभागाचे त्या सहा प्रकार सांगतात: मुलांना वाढवण्यात कुटुंबाला आधार देणं, दोन्ही बाजूंनी संवाद, स्वयंसेवा, घरातलं शिकणं, निर्णयात वाटा आणि समाजाशी सहकार्य. हे वाचल्यावर आमच्या शाळेकडे पाहिलं, तर स्वयंसेवा तेवढी होती, तीही कार्यक्रमांपुरती. निर्णयात वाटा कुणालाच नव्हता. संवाद होता, पण एकाच दिशेने.

एपस्टाइन यांचा आणखी एक आग्रह मला पटला. हे काम एकट्या उत्साही शिक्षकावर टाकू नये. त्यासाठी कृतिगट असावा आणि त्याचा एक वर्षाचा लेखी आराखडा शाळेच्या उद्दिष्टांना जोडलेला असावा. त्याप्रमाणे आम्ही गट केला. तीन शिक्षक, तीन पालक, मुख्याध्यापिकाबाई, जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या ग्रंथपाल आणि आरोग्य केंद्रातल्या एक परिचारिका. पालक निवडताना पुढच्या बाकांवरचा एकच घ्यायचा, बाकी दोघं सभेला कधीच न आलेले असावेत, असं ठरवलं. त्यांना नोटीस पाठवली नाही. फोन केला, वेळ त्यांना विचारली आणि बैठक संध्याकाळी उशिरा ठेवली. लहान मुलं सोबत आणली तरी चालतील, त्यांच्यासाठी शेजारच्या वर्गात एक शिक्षक थांबतील, हेही सांगितलं. तिघंही आले.

पहिल्या बैठकीचा विषय होता गैरहजेरी. अर्ध्या तासातच शिक्षक ‘पालकांना गांभीर्य नाही’ म्हणू लागले आणि पालक ‘शाळेत मुलांचं मन रमत नाही’ म्हणू लागले. तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी एक नियम फळ्यावर लिहिला: दोष कुणाचा, यावर इथे चर्चा नाही. हा नियम जेम्स कोमर यांच्या कामातून आला होता. कोमर हे येल विद्यापीठातले बालमनोविकारतज्ज्ञ. १९६८ मध्ये त्यांनी न्यू हेवन शहरातल्या दोन प्राथमिक शाळांमध्ये पालक, शिक्षक आणि मुख्याध्यापक यांनी मिळून शाळा चालवण्याचा प्रयोग सुरू केला. त्याची तीन तत्त्वं होती: दोष न देता प्रश्न सोडवणं, मतदानाऐवजी सहमतीने निर्णय घेणं आणि सहकार्य. वाचताना ही तत्त्वं साधी वाटतात, बैठकीत पाळायला फार अवघड जातात. आम्ही तो नियम प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेवर सगळ्यात वर छापू लागलो. कुणी दोषाकडे वळलं की बाकीचे नुसतं त्या ओळीवर बोट ठेवायचे.

पहिलं मोठं काम ठरलं गृहभेटींचं. याला शिक्षकांचा विरोध झाला आणि त्यांच्या शंका रास्त होत्या. वेळ कुठून आणायचा? अनोळखी घरी एकट्याने कसं जायचं? पालकांना ती चौकशी वाटली तर? अमेरिकेत सॅक्रामेंटो इथे १९९८ पासून पालक आणि शिक्षकांनी मिळून गृहभेटींची एक पद्धत विकसित केली आहे. तिचे नियम आम्ही जवळजवळ जसेच्या तसे घेतले. भेट दोन्ही बाजूंना ऐच्छिक. वेळ आधी ठरवून. शिक्षकांनी जोडीने जायचं. त्यांच्या या वेळेची नोंद शाळेने कामाचा वेळ म्हणूनच करायची, त्यामुळे आमच्या काही तासिका कमी केल्या गेल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फक्त मागे पडलेल्या मुलांच्या घरी जायचं नाही. वर्गातल्या सगळ्यांच्या घरी जायचं. नाहीतर ‘तुझ्या घरी बाई का आल्या होत्या?’ हा प्रश्न त्या मुलाला वर्षभर पुरला असता.

वही न्यायची नाही, अर्ज भरून घ्यायचा नाही, गुणांचा विषय आपण काढायचा नाही. पहिला प्रश्न सगळीकडे एकच: तुमच्या मुलाबद्दल तुमची काय स्वप्नं आहेत? हा प्रश्न विचारल्यावर बहुतेक घरांत थोडा वेळ कुणी बोलायचं नाही. शाळेने आपल्याला हे विचारावं याचीच सवय नव्हती. मग बोलणं सुरू झालं की थांबायचं नाही.

एका आईची भेट मला आजही तपशिलासकट आठवते. तिचं नाव आमच्याकडे कायम ‘सभेला गैरहजर’ या रकान्यात असायचं. ती रुग्णालयात रात्रपाळी करते. म्हणाली, “सभा सकाळी अकराला असते ना बाई, तेव्हा नुकताच माझा डोळा लागलेला असतो.” रोज पहाटे घरी आल्यावर मुलगी उठायच्या आत ती दप्तर उघडून सगळ्या वह्या पाहते. मुलीचं अक्षर कोणत्या महिन्यापासून बिघडलं हे तिला नेमकं ठाऊक होतं आणि त्याचं कारणही ठाऊक होतं. घरातल्या आजारपणामुळे मुलगी रात्री जागत होती. आमच्या नोंदींनुसार ही उदासीन पालक होती. परत येताना माझी सहकारी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “सभेची वेळ बदलायला हवी.” पुढच्या बैठकीत ती बदलली. आता एक सभा सकाळी असते, एक संध्याकाळी, आणि ज्यांना दोन्ही जमत नाही त्यांच्याशी वर्गशिक्षक फोनवर बोलतात.

दुसरं घर फरशी बसवणाऱ्या एका कारागिराचं. मुलगा गणितात मागे होता. वडील सुरुवातीला अवघडून बसले होते, “आमचं शिक्षण कमी, आम्ही काय सांगणार” असं दोनदा म्हणाले. माझ्यासोबतच्या सरांनी त्यांच्या कामाबद्दल सहज विचारलं, तेव्हा गडी खुलला. खोली काटकोनात आहे की नाही हे कसं बघता? त्यांनी टेप काढला. कोपऱ्यापासून एका भिंतीवर नव्वद सेंटिमीटरवर खूण, दुसऱ्या भिंतीवर एकशेवीसवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर दीडशे भरलं पाहिजे. नाही भरलं तर भिंत तिरकी आहे आणि पहिली ओळ तिथून धरायची नाही. पायथागोरसचा सिद्धांत सर सातवीला फळ्यावर शिकवतात. इथे तो रोजच्या कामात वापरला जात होता आणि मुलाने तो हजारदा पाहिला होता, फक्त गणिताच्या तासाशी त्याची गाठ कुणी घालून दिली नव्हती.

सरांनी त्यांना वर्गात बोलावलं. त्यांनी मुलांकडून खोलीच्या दोन भिंतींवर खुणा करून घेतल्या, मग फरशांचा हिशेब मांडायला सांगितला. खोली साडेतीन मीटर बाय तीन मीटर, फरशी साठ सेंटिमीटरची. नुसतं क्षेत्रफळ भागून उत्तर तीसपेक्षा कमी येतं, पण कडेला कापलेला प्रत्येक तुकडा पुन्हा वापरता येत नाही, म्हणून ओळी मोजाव्या लागतात: सहा ओळी, प्रत्येकीत पाच, म्हणजे तीस, आणि वर तुटफुटीसाठी काही जादा. भागाकाराचं उत्तर बरोबर असूनही कामाला पुरत नाही, हे मुलांना त्या दिवशी समजलं. त्यांचा मुलगा तासभर वडिलांच्या शेजारी टेपचं टोक धरून उभा होता.

कुटुंबांकडे असलेल्या अशा ज्ञानाचा अभ्यास लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲरिझोनातल्या टुसान शहरात केला होता. १९९२ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. तिथे शिक्षक स्वतः मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या घरी जात. त्या घरांत शेती, बांधकाम, दुरुस्ती, व्यवहार, औषधोपचार यांचं केवढं ज्ञान आहे ते पाहून त्यावर वर्गातले पाठ रचत. या मुलांच्या घरात शिक्षणाला पोषक असं काही नसतं, या समजुतीला त्यांनी छेद दिला. आमच्या गटातल्या कुणालाही हे आता पटवून द्यावं लागत नाही. ज्यांनी गृहभेटी केल्या नाहीत त्यांना अजून द्यावं लागतं.

गैरहजेरीचा प्रश्न मात्र भेटींनी आपोआप सुटणार नव्हता. त्यासाठी एक साधी गोष्ट केली. फिलाडेल्फियातला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. आपलं मूल किती दिवस शाळेत गेलं नाही याचा पालकांचा अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा बराच कमी असतो, हे त्यात दिसलं. टपालाने नुसता खरा आकडा कळवत राहिलं तेव्हा दीर्घकाळ गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण दहा टक्क्यांनी किंवा त्याहून अधिक घटलं. आम्ही तसंच एका पानाचं पत्र तयार केलं. त्यात मुलाच्या गैरहजेरीचे दिवस, आणि खाली इतकंच की काही अडचण असेल तर या व्यक्तीशी बोला. ‘दक्षता घ्यावी’, ‘अन्यथा’ असे शब्द आमच्या गटातल्या पालकांनी खोडून टाकले आणि ते खोडले म्हणूनच ते पत्र वाचलं गेलं, असं माझं मत आहे. एक वडील पत्र हातात घेऊन आले. “मला वाटलं होतं चार-पाच दिवस असतील, हे तर सतरा आहेत.” महिन्याला दोन दिवस ऐकायला किती कमी वाटतात. दोनशे दिवसांच्या वर्षात ते वीस होतात, म्हणजे शाळेचा दहावा भाग.

पालकांनी घरी अभ्यास कसा घ्यावा यावर व्याख्यानमाला ठेवायची, अशी सूचना गटात आली होती. ती आम्ही बाजूला ठेवली. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये पन्नास अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. या वयातल्या मुलांच्या बाबतीत पालकांनी गृहपाठात केलेल्या मदतीचा फायदा भरवशाने दिसत नाही. शिक्षणाचं मोल, पुढच्या वाटा, मुलाच्या आवडी आणि अपेक्षा यांविषयी घरात होणाऱ्या बोलण्याचा संबंध त्यांच्या यशाशी सर्वांत जास्त दिसतो. म्हणजे शेजारी बसून गणित सोडवून देण्यापेक्षा बोलणं मोलाचं. मग गृहपाठच बदलायचा असं ठरवलं. एपस्टाइन यांच्याकडे अशा गृहपाठाचा नमुना आहे. त्यात मूल घरच्यांना काहीतरी विचारतं किंवा समजावून सांगतं, आणि शिकवायची जबाबदारी पालकावर नसते.

आमच्या वर्गात एक मुलगा आजीजवळ राहतो. भेटीत आजी म्हणाल्या होत्या, “मला वाचता येत नाही. मी शाळेत येऊन काय करू?” इतिहासाच्या बाईंनी गृहपाठ दिला: घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, तुमच्या लहानपणी घरात पाणी कुठून यायचं आणि ते कोण आणायचं. एरवी दोन ओळींच्या पुढे न जाणाऱ्या त्या मुलाने दोन पानं भरून आणली. पानाच्या शेवटी घरच्यांच्या अभिप्रायाला जागा होती. तिथे त्याने आजीचं बोलणं उतरवून घेतलं होतं: ‘मला अजून पुष्कळ सांगायचं आहे. पुढचा गृहपाठ कधी?’ तो कागद बाईंनी वर्गात वाचून दाखवला. आता आजी सभेला येतात, आणि पहिल्या रांगेत बसतात.

इथवरचं सगळं लोकांना आवडलं. खरा कस लागला तो निर्णयाच्या वेळी. गणितात मागे पडलेल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर जादा तास घ्यायचे असं शिक्षकांनी ठरवलं आणि गटासमोर ते माहितीसाठी ठेवलं. तेव्हा फरशीचं काम करणारे तेच पालक, जे आता गटात आले होते, उभे राहिले. “आम्हाला निर्णय सांगायला बोलावलं आहे की निर्णय घ्यायला?” आवाज चढलेला नव्हता, पण खोलीत सगळे गप्प झाले. मग अडचणी बाहेर आल्या. काही मुलं शाळा सुटल्यावर धाकट्या भावंडांना दुसऱ्या शाळेतून आणतात. काही मुलींना अंधारात लांब जावं लागेल. म्हणजे ज्या मुलांसाठी हे तास होते, नेमकी तीच येऊ शकणार नव्हती.

काही शिक्षक दुखावले. शिकवण्यात पालकांनी का पडावं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यावर आमचं अनेक बैठकांमध्ये बोलणं झालं आणि शेवटी एक सीमारेषा लिहून काढली. कसं शिकवायचं हे शिक्षक ठरवतील. वेळ, जागा, उद्दिष्ट आणि त्याचा आढावा हे गट ठरवेल. ही रेषा लेखी असणं फार आवश्यक आहे, हे मी आग्रहाने सांगेन. ती नसेल तर शिक्षकांना भीती वाटत राहते आणि पालकांना आपण शोभेला बसवलेलो आहोत असं वाटत राहतं. जादा तास शाळा भरण्यापूर्वी आणि सुटीच्या दिवशी ग्रंथालयात घ्यायचं ठरलं. जागेचा प्रश्न ग्रंथपाल बाईंनी सोडवला, एका फोनवर.

परिसराबद्दल थोडं कमी लिहिते, कारण तिथे काम सोपं गेलं. परिचारिकाताईंनी मुलांची दृष्टी तपासायची कल्पना मांडली, आणि फळा दिसत नसल्यामुळे ‘लक्ष नाही’ असा शिक्का बसलेली काही मुलं सापडली. त्यांना चष्मे मिळाले. मदत द्यायला संस्था स्वतःहूनही येतात, पण त्यांना काय हवं आहे ते आधी पाहावं लागतं. एका संस्थेला वस्तू वाटायच्या होत्या, मुलांना रांगेत उभं करून छायाचित्रं काढायची होती. आमच्या आराखड्यातल्या कोणत्या उद्दिष्टाला याची मदत होईल, असा प्रश्न गटाने विचारला. त्याचं उत्तर मिळालं नाही. आम्ही आभार मानून नकार दिला. मुलांना असं उभं करणं गटातल्या एकाही पालकाला मान्य नव्हतं.

सगळं साधलं असं नाही. दोन मुलांची हजेरी सुधारली नाही. त्यांची घरं कामाच्या मागे फिरतात, हातावर पोट आहे, आणि त्यावर एका शाळेच्या हातात उपाय नाही. त्यांचे वडील नव्या ठिकाणी गेल्यावर तिथल्या शाळेला फोन करायचा आणि मुलांच्या वह्या, प्रगतीची नोंद सोबत द्यायची, एवढं आम्ही सुरू केलं आहे. एका कुटुंबाने गृहभेटीला नाही म्हटलं, तो नकार आम्ही मान्य केला. काही शिक्षक अजूनही भेटींना जात नाहीत आणि त्यांच्यावर सक्ती करू नये असंच मला वाटतं. सक्तीने गेलेला माणूस घरात बसला तरी ऐकत नाही.

शाळा-पालक संबंधांच्या अभ्यासक कॅरेन मॅप यांनी सहकाऱ्यासोबत, अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या सहकार्याने २०१३ मध्ये मांडलेल्या आराखड्यात एक विचार आहे, तो आमच्या गटात आता वारंवार बोलला जातो. केवळ पालकांना तयार करून भागत नाही, शिक्षकांचीही क्षमता त्याच वेळी वाढवावी लागते. शिक्षकांच्या प्रशिक्षणात पालकांशी कसं बोलावं हे फार थोडं शिकवलं जातं. म्हणून वर्षाच्या शेवटी आम्ही एक बैठक फक्त त्यासाठी घेतली आणि ती पालकांनी चालवली. आवडलेला फोन कसा होता, नकोसा वाटलेला फोन कसा होता, असं त्यांनी उदाहरणांसकट सांगितलं. रात्रपाळी करणाऱ्या त्या आईने सांगितलेलं मी वहीत लिहून ठेवलं आहे: “आधी सांगा की पोरगी सुखरूप आहे. मग जे सांगायचं ते सांगा, मी ऐकेन.” आमच्या शाळेतून जाणारा प्रत्येक फोन आता या वाक्याने सुरू होतो.

मुख्याध्यापिकाबाई पुढच्या वर्षी इथे नसतील. त्यामुळे गटाचं अध्यक्षपद एक पालक आणि एक शिक्षक यांनी मिळून सांभाळायचं ठरलं आहे, आणि प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त दर्शनी फलकावर लागतं, म्हणजे काम कुणा एकावर अडणार नाही. पुढच्या आराखड्यात पालकांनी मागणी ठेवली आहे की सहामाहीची सभा मुलांनीच चालवावी, आपल्या वह्या उघडून आपल्याला काय येतं आणि काय अडतं ते स्वतःच्या तोंडाने सांगावं. मला ती फार आवडली. काही शिक्षकांना वाटतं की बुजरी मुलं अडखळतील. दोन्ही बाजू लिहून घेतल्या आहेत, गटात दोन विद्यार्थ्यांनाही घेतलं आहे, आणि पुढची बैठक याच विषयावर आहे.